गासडीची गाठ का सुटते?

ऑक्टोबर उजाडला की दिल्लीच्या हवेची चर्चा सुरू होते आणि तिच्यासोबत पंजाब-हरियाणाच्या शेतांत जाळल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्याचीही. पेंढा जाळू नये, तो गोळा करून कारखान्यांना विकावा, हा उपाय आता सर्वांच्या तोंडी आहे. मात्र ‘गोळा करणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय, याची कल्पना शहरी वाचकाला क्वचितच असते. शेतात पसरलेला पेंढा उचलून, दाबून त्याच्या चौकोनी गासड्या बांधणाऱ्या यंत्राला ‘बेलर’ म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे चालणाऱ्या या अवजड यंत्राचे सारे श्रम अखेर ओंजळीत मावेल अशा एका भागावर अवलंबून असतात. सुतळीला गाठ मारणारा हा भाग म्हणजे ‘नॉटर’. गाठ बसली तर गासडी तयार होते. न बसली तर दाबलेला पेंढा पुन्हा शेतात विखुरतो. ही गाठ कशी बसते, का सुटते आणि ती पुन्हा कशी बसवावी, याचा हा परिचय.

वीस-पंचवीस दिवसांची मुदत

पंजाबात भाताखाली सुमारे ३० लाख हेक्टर क्षेत्र असते आणि त्यातून दरवर्षी सुमारे २०० लाख टन पेंढा निघतो. भूजल वाचविण्यासाठी या राज्याने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्याआधी करण्यास मनाई केली. पुढे या तारखा अनेकदा बदलल्या. पाण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य असला, तरी लावणीबरोबर कापणीही पुढे सरकली. गव्हाची पेरणी मात्र नोव्हेंबरच्या पूर्वार्धात झालेली बरी. परिणामी शेत रिकामे करण्यासाठी शेतकऱ्याच्या हाती जेमतेम वीस-पंचवीस दिवस उरतात. कापणी यंत्र दाणे काढून घेते आणि शेतात उभी धसकटे व मोकळा पेंढा ठेवून जाते. काडी ओढणे हा त्यावरचा सर्वात स्वस्त आणि सर्वात जलद मार्ग ठरतो.

या अवशेषांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये योजना आखली. तीत शेतकऱ्याला यंत्राच्या किमतीच्या ५० टक्के, तर यंत्रे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना ८० टक्के अनुदान ठेवण्यात आले. पुढे अनुदानपात्र यंत्रांच्या यादीत बेलर आणि पेंढ्याच्या ओळी लावणारा ‘रेक’ यांचाही समावेश झाला. पेंढ्याला गिऱ्हाईकही मिळू लागले. २०२२ मध्ये पानिपत येथे पेंढ्यापासून इथेनॉल बनविणारा, तर संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे जैववायू बनविणारा प्रकल्प सुरू झाला. या साखळीतील पहिला दुवा म्हणजे शेतात बांधलेली गासडी.

गाठीचे महत्त्व समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडू. एका एकरातून अडीच टन पेंढा उचलला आणि एक गासडी २५ किलोची धरली, तर एकरी १०० गासड्या होतात. प्रत्येक गासडीला दोन सुतळ्या, म्हणजे दोन गाठी. दिवसाला दहा एकर काम झाले, तर २००० गाठी. शंभरात दोनच गाठी चुकल्या, तरी दिवसाकाठी ४० गासड्या फुटू शकतात, म्हणजे एक टन पेंढा शेतातच राहतो. तो पुन्हा ओळीत लावून पुन्हा उचलावा लागतो. हंगामाच्या घाईत त्याला वेळ मिळाला नाही, तर त्याचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

तारेकडून सुतळीकडे

गाठ मारणे हे माणसाच्या बोटांचे काम. ते लोखंडाकडून करून घेण्याची खटपट एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुरू झाली. १८७० च्या दशकात गहू कापून त्याच्या पेंढ्या तारेने बांधणारी यंत्रे बाजारात आली. तारेला पीळ दिला की काम भागे, गाठीची गरज नसे. परंतु तारेचे तुकडे वैरणीतून जनावरांच्या पोटात आणि धान्यातून गिरण्यांत जाऊ लागले. शेतकरी व गिरणीवाले दोघेही वैतागले. विस्कॉन्सिनमधील जॉन ॲपलबी यांनी यावर उत्तर शोधले. पक्ष्याच्या चोचीसारख्या फिरत्या आकड्याने सुतळीला गाठ मारणाऱ्या यंत्रणेची पेटंटे त्यांनी १८७८ व १८७९ मध्ये घेतली. उद्योजक विल्यम डीअरिंग यांनी ही यंत्रणा उचलली आणि १८८० मध्ये सुतळीने बांधणारी सुमारे ३००० यंत्रे विकली. त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकॉर्मिक यांनाही लवकरच तारेचा नाद सोडावा लागला. १९०२ मध्ये या दोन्ही कंपन्या एकत्र येऊन ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ स्थापन झाली. पण नॉटरचे दोन प्रमुख प्रकार आजही ‘डीअरिंग’ आणि ‘मॅकॉर्मिक’ याच नावांनी ओळखले जातात.

गासड्या बांधणाऱ्या यंत्रात हा नॉटर यायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले. तोवर बेलरवर माणसे बसवून हाताने तार बांधली जाई. पेन्सिल्व्हेनियातील एडविन नोल्ट यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतातून गवत उचलून स्वतःच सुतळीने बांधणारा बेलर तयार केला. न्यू हॉलंड कंपनीने १९४० मध्ये त्याचे हक्क घेतले. पंजाबात चालणारे छोटे चौकोनी बेलर त्याच जातीचे. गोल गासड्या बांधणारे बेलरही आहेत. पण ते सुतळी किंवा जाळी नुसती गुंडाळतात. त्यांना गाठ मारावी लागत नाही.

क्षणभरात काय घडते?

बेलरच्या पोटात लांबट दाबपेटी असते. तीत दट्ट्या मिनिटाला साधारण ८० ते १०० वेळा मागेपुढे होतो आणि प्रत्येक ठोक्याला पेंढ्याचा एकेक थर दाबतो. सुतळीचे एक टोक वर नॉटरच्या खाचेच्या चकतीत घट्ट धरलेले असते. तेथून ती दाबपेटीतून खाली सुईच्या छिद्राकडे गेलेली असते. मागे सरकणारा पेंढा या सुतळीला अंगाशी घेऊन सरकतो. त्यामुळे गासडीच्या तीन बाजूंना सुतळीचा वेढा आपोआप पडतो. गासडी ठरलेल्या लांबीची झाली की एक दातेरी चाक खटका सोडते आणि चौथी बाजू बांधण्याचे काम सुरू होते.

वाकडी सुई खालून वर येते आणि सुतळीचा दुसरा पदर नॉटरपाशी आणून ठेवते. चकती थोडी फिरते व स्प्रिंगच्या दाबाखालील पकड दोन्ही पदर धरून ठेवते. आता ‘बिलहुक’ म्हणजे ती चोच एक पूर्ण फेरा घेते आणि दोन्ही पदर स्वतःभोवती गुंडाळून घेते. फेरा संपताना तिचा जबडा उघडतो, पुढचे दोन्ही पदर तोंडात घेतो व मिटतो. पाते चकती आणि चोच यांच्यामधली सुतळी कापते. ‘वायपर’ नावाचा दांडा चोचीवरून घासत जाऊन तिच्यावरचा वेढा पुढे ढकलतो. वेढा निसटतो, पण टोके जबड्यात घट्ट धरलेली असतात. साहजिकच ती वेढ्यातून पार होतात आणि गाठ आवळली जाते. सुईने आणलेल्या सुतळीचे नवे टोक चकतीत पुढच्या गासडीसाठी अडकलेले राहते आणि सुई खाली जाते. हा सारा प्रकार दट्ट्याच्या दोन ठोक्यांमधील सवडीत, म्हणजे सेकंदाहूनही कमी वेळात उरकतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. गाठीत चार कामे आहेत : धरणे, गुंडाळणे, कापणे आणि सोडणे. गाठ बिघडते ती या चारांपैकी एखादे काम चुकल्यामुळे. कोणते चुकले, हे ओळखणे म्हणजे निम्मी दुरुस्ती.

पाना उचलण्यापूर्वी

गासडी फुटली की चालकाचा हात प्रथम पान्याकडे जातो. तो एक नट आवळतो, मग दुसरा सैल करतो, मग तिसरा. तासाभराने मूळ बिघाड तसाच राहतो आणि त्यात दोन नव्या बिघाडांची भर पडते. म्हणूनच पहिला नियम असा की, फुटलेल्या गासडीची सुतळी फेकू नये. ती दोन्ही टोकांसह जपून ठेवावी आणि नीट पाहावी. नॉटरने काय केले, याची नोंद त्या टोकांवर असते.

दुसरा नियम तुलनेचा. छोट्या बेलरवर शेजारीशेजारी दोन नॉटर असतात. एकाच बाजूच्या गाठी सुटत असतील, तर दोष त्या नॉटरमध्ये किंवा त्याच्या सुतळीच्या वाटेत आहे. दोन्ही बाजूंच्या सुटत असतील, तर दोन्ही नॉटर एकाच वेळी बिघडण्याचा संभव कमी. अशा वेळी सुतळीची प्रत, गासडीचा अवाजवी दाब किंवा दोघांना फिरविणारी सामायिक यंत्रणा यांच्याकडे पाहावे. एकाच बाजूच्या बिघाडात सुतळीची रिळे अदलाबदल करून पाहावीत. दोष रिळाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर नॉटरला हात लावण्याचे कारण नाही.

तिसरा नियम सबुरीचा. एका वेळी एकच बदल, तोही पाव फेऱ्याचा. बदल करण्यापूर्वी नटाची मूळ जागा खुणेने नोंदवून ठेवावी. बदलानंतर पाचसहा गासड्या बांधून पाहाव्यात. फरक पडला नाही, तर नट मूळ जागी आणूनच पुढचा बदल करावा.

सुतळीची टोके काय सांगतात?

एका टोकाला गाठ, दुसरे टोक मोकळे. दोन पदरांपैकी एकच पदर चोचीने घेतला, असा याचा अर्थ. दुसरा पदर चकतीच्या पकडीतून निसटला असेल, तर पकड सैल आहे. तिची स्प्रिंग पाव फेरा आवळावी. पदर मुळात चकतीच्या खाचेपर्यंत पोहोचलाच नसेल, तर सुईची जागा, सुतळी सरकविणारे बोट आणि चकतीची वेळ तपासावी.

टोके पिंजलेली, झिजल्यासारखी. पकड गरजेपेक्षा घट्ट असल्याची ही खूण. चकती सुतळीला धरण्याऐवजी चिरडते आणि गाठ पुरी होण्याआधीच सुतळी तुटते. येथे स्प्रिंग सैल करावी लागते. गाठ न बसणे हे लक्षण एकच, पण वरच्या बिघाडाचा आणि याचा उपाय नेमका उलटा आहे. टोके न पाहता नट फिरविणारा बहुधा येथेच फसतो.

दोन्ही टोके नीट कापलेली, पण गाठ नाही. गुंडाळणे व कापणे झाले, मात्र जबड्याने टोके पुरेशी घट्ट धरली नाहीत. ती वेढ्यातून ओढली जाण्याआधीच सुटली. चोचीच्या जबड्यावरची स्प्रिंग किंचित आवळावी. तरीही फरक पडला नाही, तर जबडा किंवा त्याचा छोटा रोलर झिजला आहे काय, ते पाहावे.

गाठ बसली, पण चोचीवरच अडकून राहिली. गासडी पुढे सरकली की ही सुतळी हिसक्याने तुटते. जबड्याची स्प्रिंग फार घट्ट असणे, वायपर चोचीला न टेकणे किंवा चोचीवर गंज वा चरे असणे, ही याची तीन कारणे. गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरने चोच गुळगुळीत करावी. कानस लावू नये. चोचीचा आकार बदलला तर ती निकामीच होते.

टोके कमीजास्त लांबीची, कापलेली जागा फाटल्यासारखी. पाते बोथट झाले आहे. ते धार लावून घ्यावे किंवा बदलावे. हा सर्वात स्वस्त भाग असूनही सर्वात दुर्लक्षित राहतो.

गाठ शाबूत, सुतळी गाठीलगत तुटलेली. गाठ मारण्याचे काम नॉटरने पुरे केले आहे. अशा वेळी बहुधा गासडी प्रमाणाबाहेर दाबली जात असते किंवा सुतळी हलक्या प्रतीची असते. दाबपेटीचा ताण कमी करून पाहावा.

दाब किती हवा, स्प्रिंगची लांबी किती ठेवावी, हे आकडे यंत्रागणिक बदलतात. ते त्या त्या बेलरच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत. वायपरची जुळवणी मात्र डोळ्यांनी तपासता येते. यंत्र बंद करून फ्लायव्हील हाताने फिरविले असता वायपर चोचीच्या पाठीवर हलकेच, पण सलग घासत गेला पाहिजे. जेथे तो घासतो तेथे लोखंडावर चकचकीत पट्टा उमटतो. हा पट्टा तुटक दिसला, तर वायपर वाकला आहे असे समजावे. चकतीची वेळ जुळविण्याचे काम मात्र नाजूक असते. अनुभव नसताना त्यात हात घालण्यापेक्षा जाणकार मिस्त्रीला बोलावणे शहाणपणाचे.

दोष नॉटरचा नसतो तेव्हा

‘नॉटर बिघडला’ अशी तक्रार आली, तरी मूळ दोष अनेकदा दुसरीकडेच सापडतो. सुतळी रिळापासून सुईपर्यंत अनेक कड्यांतून येते. एखादी कडी चुकली किंवा कडीला खाच पडली, तरी ताण बदलतो. ताण कमी असेल, तर सुतळी चोचीवर नीट आडवी पडत नाही. दोन रिळे जोडताना मारलेली गाठ मोठी झाली, तर ती सुईच्या छिद्रात अडकते. म्हणून जोडगाठ लहान असावी आणि तिची फाजील टोके कापलेली असावीत.

सुतळीची जातही महत्त्वाची. पूर्वी घायपाताच्या वाखाची सुतळी सर्रास वापरली जाई. ती खरखरीत असल्याने पकडीत घट्ट बसते. प्लास्टिकची सुतळी मजबूत, पण गुळगुळीत असते. तिला पकडीचा दाब बहुधा अधिक लागतो. एका जातीच्या सुतळीवर जुळविलेला नॉटर दुसऱ्या जातीवर चुकू लागला, तर त्यात नवल नाही. हंगामाच्या मध्यात दोन पैसे वाचविण्यासाठी वेगळी सुतळी आणली, तर जुळवणीही पुन्हा करावी लागते.

भाताच्या पेंढ्याचे स्वतःचेही काही हट्ट आहेत. त्यात वाळूचा मूळ घटक असलेल्या सिलिकाचे प्रमाण बरेच असते. त्यामुळे लोखंड झिजते. पहाटेच्या दवाने ओला झालेला पेंढा दाबपेटीत चिवटपणे अडतो, गासडी जड होते आणि सुतळीवर ताण येतो; शिवाय अशी गासडी पुढे बुरसते. तेव्हा ऊन चढेपर्यंत थांबण्याने पेंढा आणि गाठ दोन्ही टिकतात. नॉटरवर साचणारी धूळ व काड्या दिवसातून अनेकदा झटकाव्या लागतात. नॉटरला आवर घालणारा ब्रेक सैल झाला असेल, तर काम संपल्यावरही सुई जागेवर थांबत नाही. दट्ट्या आणि सुई यांची वेळ चुकली, तर सुई वाकते किंवा मोडते. अशा वेळी संरक्षक बोल्ट स्वतः तुटून मोठे नुकसान टाळतो. तो तुटल्यावर त्या जागी अधिक मजबूत बोल्ट बसविणे म्हणजे विजेचा फ्यूज काढून तेथे जाड तार घालण्यासारखे आहे.

हात घालण्यापूर्वी

नॉटरची कोणतीही तपासणी ट्रॅक्टर चालू असताना करू नये. ट्रॅक्टर बंद करावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. इंजिन बंद झाल्यावरही ते जड चाक काही काळ फिरत राहते आणि त्याच्यासोबत दट्ट्याही. खटका सुटलेला असेल, तर याच वेळी सुया वर येतात. गाठ कशी पडते हे पाहायचे असल्यास फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवावे आणि ते फिरत असताना दुसऱ्या कोणाचाही हात दाबपेटीजवळ नसावा. हंगामाच्या घाईत सर्वात आधी मोडला जाणारा नियम हाच असतो आणि त्याची किंमत बोटांनी मोजावी लागते.

यंत्राबरोबर जाण

महाराष्ट्रात भाताचा पेंढा जाळण्याचा प्रश्न पंजाबइतका तीव्र नाही. मात्र उसाची तोड झाल्यावर फडातच पेटविले जाणारे पाचट आपल्याला परिचित आहे. ते गोळा करण्यासाठी येथेही बेलर वापरले जातात. गाठीचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे.

अनुदानाने यंत्र दारात येते. ते चालविण्याची जाण त्याच्यासोबत आपोआप येत नाही. बेलर वर्षातून काही आठवडे चालतो आणि उरलेला काळ शेडमध्ये उभा राहतो. पावसाळ्यात त्याच्या चोचीवर गंज चढतो, पात्याची धार जाते, स्प्रिंगा गंजून आखडतात. मग ऐन ऑक्टोबरात, पहिल्याच दिवशी गाठी सुटू लागतात. हंगाम संपताच नॉटर स्वच्छ करून त्यावर ग्रीसचा हात फिरविला आणि हंगामाआधी आठवडाभर थोडा जुना पेंढा घेऊन गाठी तपासल्या, तर हा खोळंबा बराचसा टळतो. चोच, पाते आणि स्प्रिंगा हे सुटे भाग हंगामापूर्वीच घरात असावेत, कारण गावोगावचे सर्वच बेलर एकाच वेळी शेतात असतात आणि सर्वांना हेच भाग त्याच आठवड्यात हवे असतात.

किती बेलर वाटले, याचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. त्यांतील किती चालकांना तुटलेल्या सुतळीची टोके वाचता येतात, हेही यंत्र भाड्याने देणाऱ्या प्रत्येक केंद्राने विचारायला हवे. आपल्याकडे कापसाच्या बाजारात गासडीला ‘गाठ’ म्हणण्याचाच प्रघात आहे. पेंढ्याच्या व्यवहारातही ते तितकेच खरे आहे. गाठ टिकली, तरच गासडी ट्रॉलीत चढते, कारखान्याच्या काट्यावर जाते आणि तिचे पैसे होतात.